आपल्या गावच्या मुलांचे वाङ्मय
(सोलापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असे आम्ही चिटणिसांस विचारले. “गुरुजी, आपण जन्मभर मुलांत वावरलात, मुलांविषयीच बोला,” असे ते म्हणाले. आम्ही साहित्यिक नव्हे आणि पंडित तर नव्हेच. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पस्तीसहून अधिक वर्षे प्राथमिक शाळेत बहुधा तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळले, एवढीच आमची पुंजी. सबब आज जे बोलावयाचे ते शाळेच्या कपाटातील पुस्तकांविषयी आणि बाकावर बसणाऱ्या मुलांविषयी आहे.

हा विषय आजच घेण्यास एक निमित्तही घडले. आपल्या मंडळापुढे अशी सूचना आलेली आहे की, ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे सांगणारे एक सचित्र पुस्तक मुलांसाठी काढावे आणि ते घरोघर विनामूल्य पोहोचवावे. सूचना करणारांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. मुलांसाठी पुस्तक काढावे असे ज्या मंडळीच्या मनात येते त्यांचे कौतुकच केले पाहिजे; नाहीतर मंगल कार्यालय आणि स्वयंपाकाची भांडी यांच्यापलीकडे आमच्या संस्थांची दृष्टी सहसा जात नाही. परंतु हे पुस्तक कोणते असावे याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, आणि ते आपल्यापुढे मोकळेपणाने मांडावे असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम आपले गाव कसे आहे ते पाहू. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्या धुराड्याच्या खुणेने चोहो बाजूंनी माणसे आली. तेलंगणातून विणकर आले, त्यांच्याबरोबर तेलुगू भाषा आली. दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील तालुक्यांत कानडी पूर्वापार बोलली जातच होती. उर्दू बोलणारी कुटुंबे किल्ल्याच्या काळापासूनची. व्यापाराच्या निमित्ताने मारवाडी आणि गुजराती मंडळी स्थिरावली. पुढे गिरण्या बंद पडल्या, धुराडी उतरविली गेली, परंतु या भाषा मात्र राहिल्या. आमचे ग्रामदैवत जो सिद्धेश्वर, त्याची वचने कानडीत आहेत. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत त्याच्या नंदीध्वजांपुढे हात जोडणारा समाज मराठी, कानडी, तेलुगू असा सर्वच बोलीचा असतो. पेशवाईच्या अखेरच्या काळातले आमच्या गावचे शाहीर कविराय राम जोशी यांनी तर एकाच रचनेत अनेक भाषा नांदवून दाखविल्या. आणि अगदी अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर २०१८ साली दिवंगत झालेले लक्ष्मीनारायण बोल्ली. घरी तेलुगू, परंपरेने विणकर, आणि कविता केली ती मराठीत. आत्मचरित्रासही त्यांनी ‘एका साळियाने’ हे नाव दिले.

असे हे गाव. आता या गावातील वर्ग डोळ्यांपुढे आणावा. पटावर चाळीस नावे असली तर त्यांतील निदान पंधरा-सोळा मुलांच्या घरी मराठी बोलत नसत. तहान लागली म्हणजे एक मूल घरी नीळ्ळु मागे, दुसरे नीरु मागे, तिसरे पानी मागे, आणि शाळेत येऊन सारी पाणी म्हणावयास शिकत. ही मुले मंद नव्हती. पहिल्या वर्षी ती गप्प बसत एवढेच. आणि गप्प बसणाऱ्या मुलास मंद समजण्याची चाल आमच्या शिक्षकी पेशात फार जुनी आहे.

क्रमिक पुस्तकांची सोय सरकारने उत्तम केली, हे मान्य केलेच पाहिजे. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली, आणि ही संस्था मराठीखेरीज उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी अशा भाषांतही पाठ्यपुस्तके काढते. आपल्याच शहरात चार-चार माध्यमांच्या शाळा महानगरपालिकेने चालविल्या आहेत. हे सर्व देशांत घडते असे नाही. परंतु क्रमिक पुस्तक मूल परीक्षेसाठी वाचते. स्वतःच्या आनंदासाठी, पोटावर पालथे पडून, पाय हलवीत जे वाचावयाचे, त्या पुस्तकाचे काय? त्या बाबतीत आमच्या शाळेचे कपाट फार गरीब होते, आणि त्यातील पुस्तकांत आमचे गाव तर जवळजवळ नव्हतेच.

त्या गोष्टींतला मुलगा बहुधा बंगल्यात राही. त्याचा मामा मुंबईस असे आणि सुटीत तो समुद्रावर जाई. भाषांतरित पुस्तकांत बर्फ पडे. बर्फ म्हणजे गारांसारखे काहीतरी असावे, असा आमच्या वर्गाचा समज होता. गोष्टीत कोणाच्या घरी माग नसे, कोणाची आई सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळत बसलेली नसे, कोणाचे नाव व्यंकटेश, शिवलिंगप्पा किंवा रुखसाना नसे. आणि असलेच तर तो इसम गोष्टीत विनोदासाठी मोडकी मराठी बोले. पेंग्विन पक्षी आमच्या मुलांस चित्रावरून चटकन ओळखता येई. मात्र शहरापासून तासाभराच्या अंतरावर नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, तो माळढोक किती मुलांस ठाऊक होता? पुढे तो पक्षीच दुर्मिळ झाला. आता पुस्तकात तरी तो भेटावा, तर आमच्या मुलांच्या हाती लागेल असे त्याचे पुस्तक आम्हांस आमच्या कपाटात कधी दिसले नाही.

याचा अर्थ परक्या गोष्टी मुलांस देऊ नयेत असा कोणी करू नये. मराठी बालवाङ्मयाचा उगमच मुळी परमुलखाच्या देणगीतून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. ग्रीक गोष्टी, तमिळ मुलूख आणि मराठी भाषा, असा तो त्रिवेणी संगम होय. त्यानंतर १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ आला, तोही परभाषेतूनच. मग विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ काढले. या पूर्वसुरींनी जगातले चांगले ते आणून मुलांपुढे ठेवले. तेव्हा दार उघडे असावे हे खरेच. आमची तक्रार इतकीच की, त्या दारातून आत पुष्कळ आले, मात्र शेजारच्या घरातले फारसे आले नाही. इंग्लंड-रशियाच्या गोष्टी सोलापूरच्या मराठी मुलाने वाचल्या. भिंतीपलीकडच्या तेलुगू घरात रात्री कोणती गोष्ट सांगतात, हे त्याला कळले नाही.

येथे एका मासिकाची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही. आपणांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी लहानपणी ‘चांदोबा’ वाचला असेल. तो मूळचा मराठी नव्हे, हे त्या वयात कोणास ठाऊक होते? १९४७ साली मद्रासेस नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तो तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केला, मग कन्नड आणि हिंदीत काढला आणि १९५२ साली तो मराठीत आला. आमच्या लहानपणी शेजारच्या विणकराच्या घरी तेलुगू ‘चंदमामा’ येई आणि आमच्या घरी मराठी ‘चांदोबा’. दोन्ही अंक ओट्यावर शेजारी शेजारी मांडले की चित्रे अगदी तीच! खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला तोच विक्रम राजा, तीच उपसलेली तलवार. लिपी तेवढी निराळी. त्या घरातला मुलगा आपल्या अंकावरून गोष्ट मराठीत सांगे आणि आम्ही आमच्या अंकावर बोट ठेवून ती बरोबर आहे की नाही हे पाहत असू. भाषांतर हा शब्द आम्हां दोघांसही तेव्हा माहीत नव्हता. मद्रासेतील एका कचेरीने साऱ्या देशातील मुलांस एकाच वेळी एकच गोष्ट आपापल्या भाषेत दिली, हे त्या मासिकाचे काम आम्हांस आजही थोर वाटते. २०१० नंतर काही वर्षांतच ते बंद पडले. त्याची जागा भरून काढणारे दुसरे काही मुलांच्या वाट्याला आले, असे आम्हांस दिसले नाही.

साने गुरुजींच्या आंतरभारतीत तरी दुसरे काय होते? त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नाना प्रांतांचे कैदी एकत्र आले, एकमेकांच्या भाषा कानी पडल्या, आणि या भाषाभगिनींनी परस्परांस ओळखावे ही तळमळ त्यांच्या मनात रुजली. गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ आपण घरोघर ठेवली आणि ते योग्यच केले. आंतरभारती मात्र आपण सभेच्या व्यासपीठावर ठेवली.

आता वर्गातला एक अनुभव सांगतो. कपाटात पुस्तके नाहीत, तर गोष्टी घरून आणाव्यात, असे आम्ही एका वर्षी मुलांस सांगितले. आजीकडून एक गोष्ट ऐकून यावयाची आणि शनिवारी ती वर्गात सांगावयाची. आजी ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकावी, आणि वर्गात जमेल तशा मराठीत सांगावी, शब्द अडला तर घरचा शब्द वापरावा, कोणी हसावयाचे नाही, एवढाच नियम. पहिले दोन शनिवार चिमणी-कावळ्याची गोष्ट आणि लेकीकडे निघालेली भोपळ्यातली म्हातारी, यांतच गेले. तिसऱ्या शनिवारी एक तेलुगू घरचा मुलगा उभा राहिला. वर्षभरात हजेरीच्या उत्तराखेरीज त्याचा आवाज आम्ही फारसा ऐकला नव्हता. त्याने सात माशांची गोष्ट सांगितली. आंध्र-तेलंगणातील घरोघरी ती ठाऊक आहे. आम्हांस मात्र तोवर ठाऊक नव्हती.

राजाचे सात मुलगे शिकारीस जातात, सात मासे आणतात आणि उन्हात वाळत घालतात. सहा वाळतात, एक वाळत नाही. माशा, तू का वाळला नाहीस? गवताची गंजी आड आली. गंजी, तू आड का आलीस? गाय चरली नाही. गाई, तू का चरली नाहीस? गुराख्याने सोडले नाही. गुराखी म्हणतो, म्हातारीने जेवू घातले नाही. म्हातारी म्हणते, मूल रडत होते. मूल म्हणते, मुंगी चावली. आणि मुंगी तोऱ्यात विचारते की, माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातल्यावर मी चावणार नाही तर काय करणार! गोष्ट संपेपर्यंत सारा वर्ग प्रश्न विचारावयास लागला होता. चेपा म्हणजे मासा आणि चीमा म्हणजे मुंगी, हे दोन शब्द त्या दिवशी चाळीस मुलांस पाठ झाले, आणि कोणी छडी घेऊन ते पाठ करून घेतले नव्हते.

पुढील शनिवारी कानडी घरच्या मुलीने पुण्यकोटी गाईची कथा आणली. वाघाने अडविलेली गाय वासराला एकदा पाजून परत येते असे वचन देते आणि खरोखरच परत येते, ती ही कथा. कर्नाटकात ती लहानथोर साऱ्यांच्या ओठांवर आहे. ती ऐकताना मागच्या बाकावरची द्वाड मुलेही स्तब्ध झाली होती. उर्दू घरच्या एका मुलाने आजोबांनी शिकविलेली इस्माईल मेरठी यांची गाईवरची कविता म्हटली. दोन शनिवार दोन गाई! मग एका मुलीने विचारले, “गुरुजी, आपल्या मराठीत गाईची गोष्ट नाही काय?” त्या प्रश्नावर आठवडाभर घरोघरच्या आज्यांची विचारपूस चालली होती.

तो सात माशांचा मुलगा पुढे मोठा विद्वान झाला असे सांगावयास आम्हांस आवडले असते. तसे घडले नाही. सातवीनंतर तो यंत्रमागावर कांड्या भरावयास गेला. गोष्टीच्या पुस्तकाने घरची गरिबी हटत नाही, आणि तसे कोणी व्यासपीठावरून सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. त्या शनिवारनंतर तो वर्गात बोलू लागला, आणि शेजारी बसणारा मराठी मुलगा त्याच्या घरी जाऊ लागला, एवढेच आम्ही शपथेवर सांगू शकतो. आमच्या मते हे थोडे नाही.

आता मंडळापुढील सूचनेकडे वळतो. सोलापूरचे चार हुतात्मे आपणां सर्वांस वंदनीय आहेत. १९३० साली या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. नावांवरूनच पाहावे: एक वीरशैव, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचे पत्र चालविणारा अगदी तरुण मनुष्य. या चौघांनी एकाच पहाटे मरणाला मिठी मारली. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून आपली मुले रोज शाळेच्या रिक्षात बसून जातात. ते कोण असे विचारले तर चारही नावे किती मुलांस सांगता येतील?

समजा, आपण थोर पुरुषांचे पुस्तक काढले. आपले पाहून दुसरी ज्ञाती काढील, तिसरी काढील, स्पर्धाच ती. प्रत्येक समाज आपापला हुतात्मा उचलून आपल्या पुस्तकात नेईल. मग त्या पहाटेचा एकेक चतकोर एकेका घरी पोहोचेल आणि ती पहाट कोणाच्याही मुलास कळणार नाही. चौघे एकत्र गेले, हीच तर त्या गोष्टीतली गोष्ट आहे! आपल्या ज्ञातीतील पूर्वजांनी शाळा काढल्या, विहिरी बांधल्या, वसतिगृहे चालविली, ते सर्व लिहून ठेवावे. परंतु त्याची जागा या स्मरणिकेत आहे, मोठ्यांसाठी. आठ वर्षांच्या मुलास देणगीदारांची नामावली वाचावयास देणे हा त्या मुलावर आणि देणगीदारांवरही अन्याय आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचेच पाहा. १९१० साली याच सोलापुरात जन्मलेला हा मनुष्य वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेला, जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तेथेच मरण पावला, आणि चीनमध्ये आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. ते कोणत्या पोटशाखेचे, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आपल्याकडेच पडतो, आणि खेदाने सांगावे लागते की तो मुलांच्या देखत विचारला जातो.

गावची गोष्ट लिहिली तर ती बाहेरच्या मुलास रुचणार नाही, अशी शंका कोणी घेतील. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोठला? पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. ज्यांनी फुरसुंगी जन्मात पाहिली नाही अशा मुलांनी त्याच्या सायकलीमागे धाव घेतली. गाव नेमके असले, त्यातले रस्ते, खाणे, बोलणे खरे असले, की परगावचे मूल त्यात आपणहून शिरते. श्रीमती माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके पाहावीत. साध्या घरातली साधी मुले, त्यांचे रुसवे, त्यांचे शेजारी. २०१४ साली साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. त्यांची पुस्तके आमच्या नातवंडांच्या हाती पडल्यापासून त्यांची पाने सुटेपर्यंत वाचली गेली आहेत, आणि पुस्तकास याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही. असे कोणी सोलापूरच्या गल्लीविषयी लिहावे: हुरड्याच्या दिवसांविषयी, मार्कंडेयाच्या रथोत्सवाविषयी, मोहरमच्या सरबताविषयी, मागाच्या खडखडाटात अभ्यास करणाऱ्या मुलीविषयी. लिहिणारा कोणत्याही समाजाचा असो.

इंग्रजी माध्यमाविषयी बोलावे अशी अपेक्षा काही चेहऱ्यांवर आम्हांस दिसत आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्या बहुतेकांची नातवंडे आता इंग्रजी शाळांत जातात, कित्येक पुण्यास, हैद्राबादेस आणि काही परदेशीही आहेत, आणि ती सुखाने शिकोत. प्रश्न शाळेबाहेरच्या घटकेचा आहे. रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे. मुलास मराठी लिपी येत नसली तरी कान येतोच. हे काम आईबापांस सवड नसल्यास आजी-आजोबांनी करावे. “नातू आमच्याशी बोलत नाही, यंत्रात डोके घालून बसतो,” अशी तक्रार आम्ही वधूवर मेळाव्यापासून सुतकाच्या बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकतो. त्या आजोबांस आम्ही विचारतो की, शेवटची गोष्ट आपण त्याला कधी सांगितली? बहुतेकांस उत्तर आठवत नाही.

पुस्तके मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ सालापासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंकही आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्ट एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढते. म्हणजे मराठी आणि तेलुगू प्रती शेजारी ठेवण्याचा ‘चांदोबा’चा आनंद आजही मिळविता येतो. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीविव्हर’ नावाचे भांडार उघडले. त्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषांतली चित्रपुस्तके आहेत. ती फुकट वाचावीत, छापून घ्यावीत, आपल्या भाषेत आणावीत, अशी मोकळी परवानगीच आहे. ज्या हातातल्या यंत्राविषयी आपण तक्रार करतो त्याच यंत्रावर हे सारे उघडते.

आता आमच्या सूचना सांगून बसतो. आज येथे गुणवंत मुलांस ढाली वाटल्या गेल्या. ढाल कपाटावर बसते आणि तिच्यावर धूळ बसते. तेवढ्याच पैशांत तीन-चार पातळ चित्रपुस्तके येतात. पुढील वर्षापासून पारितोषिक म्हणून पुस्तकेच द्यावीत, आणि नव्वद टक्केवाल्या मुलांपुरती न देता सभासद कुटुंबातील प्रत्येक मुलास एक द्यावे. कमी गुणांच्या मुलास गोष्ट कमी लागते असे थोडेच आहे? दुसरे असे की, आपल्या कार्यालयाची खालची खोली आठवड्यातून सहा दिवस बंद असते. शनिवारी दुपारी ती गल्लीतील सर्व मुलांसाठी उघडावी. सर्व मुलांसाठी म्हणजे सर्व मुलांसाठी. दारावर आडनाव विचारावयाचे नाही. आमच्यासारखे पाच-सहा निवृत्त शिक्षक ज्ञातीत आहेत, ते आळीपाळीने वाचून दाखवितील. या कामी आम्हांस मानधन नको, मात्र पंखा दुरुस्त करून मिळावा.

राहता राहिले ते पुस्तक. ते जरूर काढावे. थोर पुरुषांऐवजी त्यात चार गोष्टी असाव्यात, चार घरच्या: एक मराठी, एक कानडी, एक तेलुगू, एक उर्दू. प्रत्येक गोष्ट मराठीत द्यावी आणि समोरच्या पानावर तिच्या मूळ भाषेत, मूळ लिपीत द्यावी. चित्रे आपल्या गावातल्या चित्रकला शिक्षकांनी काढावीत. पाचवी गोष्ट त्या चौघा हुतात्म्यांची असावी, आणि ती चारही भाषांत असावी. आपल्या ज्ञातीचे नाव प्रकाशक म्हणून पहिल्या पानावर येईलच. इतर समाजांच्या संस्थांनी खर्चात वाटा उचलल्यास त्यांचीही नावे आपल्या नावाशेजारी तितक्याच ठळक टायपात छापावीत. मंडळाच्या पुढील सभेत हा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे, आणि मूळ सूचना करणारे गृहस्थ आमच्याशी याबाबत बोलले असून ते रागावलेले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे.

सभेत आज बसलेल्या माताभगिनींस एक काम सांगतो. आपल्या आईकडून किंवा सासूबाईंकडून ऐकलेली एक गोष्ट दसऱ्यापर्यंत लिहून कार्यालयात द्यावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये. लिहिता येत नसल्यास नातवाकडून ध्वनिमुद्रण करवून द्यावे. शेजारच्या तेलुगू किंवा कानडी आजीबाईंची गोष्ट आणल्यास अधिक आनंद होईल. त्यांच्या भाषेतील शब्द अडल्यास ते जसेच्या तसे लिहावेत, अर्थ आपण नंतर विचारून घेऊ. कार्यालय रोज सायंकाळी पाच ते सात या वेळात उघडे असते, आणि मंगळवारी व शुक्रवारी आम्ही स्वतः तेथे वही घेऊन बसलेले असू.